जळगावात येऊन चायनीज?

पुण्या-मुंबईहून येणारा प्रत्येक पाहुणा हे विचारतोच, आणि आता आमच्या सूनबाईही विचारायला लागल्या आहेत: "बाबा, जळगावात भरीत-पुरी सोडून, शेवभाजी सोडून तुम्ही सगळ्यांना त्या चायनीजवाल्याकडे काय नेता?" तोंडी उत्तर द्यायला लागलो की मध्येच प्लेट येते आणि विषय राहून जातो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो.

पहिली गोष्ट, भरीत आमच्या घरी होतं आणि घरी होतं तसं हॉटेलात होत नाही. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. पण काड्या-काट्यांच्या जाळावर भाजलेलं वांगं आणि गॅसवर करपवलेलं वांगं यातला फरक मानांकनाने मिटत नाही. पाहुण्याला बाहेर न्यायचं तर घरी न होणारं खायला न्यावं, इतकं साधं आहे.

आता ते ठिकाण. पाच-सहा टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा जग, आणि भट्टी अगदी दर्शनी भागात. मेनूकार्डावर चायनीज, थाई, मोमो असं सगळं एका पानात. नाव मुद्दाम सांगत नाही. नाव झालं की एसी येतो, एसी आला की दर वाढतात, आणि मग ठेचा बंद होऊन 'ग्रीन चिली सॉस' सुरू होतो. आचारी नेपाळचा, पण इतकी वर्षं इथं काढलेला की गिऱ्हाइकाला "बोला भाऊ" म्हणतो. आम्ही सगळे त्याला दाजू म्हणतो, नेपाळीत दाजू म्हणजे मोठा भाऊ.

दाजूचा ठेचा नूडल्स हा प्रकार मी दुसरीकडे कुठं खाल्लेला नाही. ठेचा आपलाच, तव्यावर भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, मीठ, आणि तो खलबत्त्यातच कुटलेला. खरी गंमत तो कधी घालायचा यात आहे. तेलात आधी ठेचा टाकला तर अख्ख्या हॉटेलाला ठसका लागेल. म्हणून भट्टीचा पंखा पूर्ण सोडून, कढईतून धूर निघाला की आधी नुसता लसूण आणि कोबी, मग उकडलेल्या नूडल्स. त्या दोन-तीनदा उडवून झाल्या की शेवटी चमचाभर ठेचा, आणि कढईच्या कडेने व्हिनेगर. ते कडेला चर्र होऊन मग आत उतरतं. सोया सॉस नावाला. त्यामुळे नूडल्स काळ्या पडत नाहीत आणि दाताखाली अर्धवट कुटलेला शेंगदाणा येतो. हे घरच्या गॅसवर होत नाही, आमच्या हिने करून पाहिलं आहे. तेवढी आचच नसते.

"पण हे काही खरं चायनीज नाही," असं पुण्याचे मेव्हणे दर वेळी म्हणतात. नाहीच! मंचुरियनचा मंचुरियाशी काही संबंध नाही. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं, असं सांगतात. हिरवी मिरची, आलं, लसूण ही सुरुवात आपलीच, फक्त पुढे गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. म्हणजे जन्मापासूनच भेसळीचं, आणि म्हणूनच ते गावोगाव रुळलं. खान्देशात तर त्याला परकं म्हणायचं काही कारणच नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या डुबुकवडे खात आलो, उकळत्या तिखट रश्श्यात सोडलेले डाळीचे गोळे. मंचुरियनचा गोळा आधी तळतात आणि रस्सा कॉर्नफ्लोअरने दाट करतात, एवढाच काय तो फरक. आणि मक्याच्या स्टार्चचा कारखाना तर आपल्या दोंडाईच्यातच आहे.

शेजवानचंही तसंच. सिचुआनमध्ये जीभ बधिर करणारे जे दाणे घालतात ते कोकणातल्या तिरफळाचे भाऊबंद. आपल्या शेजवान चटणीत ते औषधालाही नसतात. लाल मिरची आणि लसूण, बास. दाजू मिरची नंदुरबारची आणतो. पथारीवर वाळलेली ती मिरची भिजवून वाटली की जो रंग येतो, त्यापुढे बाटलीतली चटणी पाण्यासारखी.

सगळंच काही जमतं असं नाही. थाई करीत पाकिटातलं नारळाचं दूध घालतो, ती गोडुस लागते आणि कुणी संपवत नाही. एकदा दूध संपलं म्हणून त्याने सुकं खोबरं काळं होईस्तोवर भाजून, वाटून घातलं. ती थाई राहिली नाही, पण मी वाटी पुसून खाल्ली. कायम तशीच कर म्हणून सांगतोय, ऐकत नाही. मेनूकार्डावर हिरवी करी छापली आहे म्हणे.

आणखी एक कारण, माझ्यापुरतं सगळ्यात मोठं. आमची आई माळकरी. हॉटेल म्हटलं की ती घरी थांबायची. इथं शाकाहारी कढई वेगळी आहे, तिच्या कानाला लाल फडकं बांधलेलं असतं. आई आत शिरल्या शिरल्या विचारते, "दाजू, माझी कढई कोणती रे बापा?" तो ती उचलून दाखवतो, मग ती बसते आणि कोबीचे मोमो मागवते. चटणी कमी तिखट म्हणून परत पाठवणारी तिथली ती एकटीच असेल.

सूनबाईंचा दुसरा प्रश्न अजिनोमोटोचा. टोकियोच्या प्राध्यापक इकेदांनी १९०८ मध्ये ते समुद्री शेवाळाच्या सूपवरून शोधून काढलं. त्यातलं चव आणणारं ग्लुटामेट टोमॅटोतही असतं. चिमूटभर असलं तर मला चालतं. मला भीती मिठाची आहे, आणि सोया सॉसमध्ये ते भरपूर असतं. म्हणून दाजूला आधीच सांगायचं, तो कमी घालतो.

यायचं असेल तर सोमवार सोडून या, सोमवारी बंद असतं. आठच्या आत पोहोचा, नंतर क्लासची पोरं येतात आणि जागा मिळत नाही. ठेचा नूडल्स दोघांत एक पुरतात. थाई करी मागवलीत तर ती तुम्हीच संपवायची.