आपल्या माणसाला मत दिलंत ना?

बेळगावला गेले की पहिल्या दोन दिवसांतच हा प्रश्न येतो. कधी लग्नाच्या पंगतीत, कधी आईला भेटायला आलेल्या शेजाऱ्यांकडून, आणि अमेरिकेत परत आल्यावर मिशिगनमधल्या गणेशोत्सवात पुन्हा एकदा: "तुम्ही डेट्रॉईटच्या ना? मग आपल्या ठाणेदारांना मत दिलंत ना?" ठाणेदार म्हणजे बेळगावात वाढलेले आणि अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलेले श्री ठाणेदार. आजवर मी हसून वेळ मारून नेली. पण गेल्या खेपेला एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी माझे उत्तर ऐकून "इतकी वर्षं तिकडे राहून माणूस आपलं गाव विसरतो" असे चारचौघांत म्हटले, आणि ते मला लागले. म्हणून एकदाच, नीट लिहून सांगते.

2018 मध्ये दिले. 2022 मध्ये दिले नाही. 2024 मध्ये पुन्हा दिले. ऐकणाऱ्यांच्या लक्षात फक्त मधले वर्ष राहते.

श्री ठाणेदार यांची कहाणी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, तेव्हा चिकोडी, बेळगाव, रसायनशास्त्र, कंपनी बुडणे आणि पुन्हा उभी राहणे हे सारे मी सोडून देते. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती ठाऊक नसते. इथले बहुसंख्य मराठी लोक ट्रॉय, नोव्हाय, कँटन अशा उपनगरांत राहतात, आणि ती ठाणेदारांच्या मतदारसंघात येत नाहीत. त्यांचा तेरावा मतदारसंघ म्हणजे डेट्रॉईट शहराचा मोठा भाग, हॅमट्रॅमक आणि नदीकाठाने दक्षिणेला पसरलेल्या कामगार वस्त्या. मी शहराच्या पूर्व भागात राहते, त्यामुळे तुमच्या मनातले मत प्रत्यक्षात देण्याची वेळ माझ्यासारख्या मोजक्यांवर येते.

2018 चे मत हे माझे अमेरिकेतले पहिले मत होते. मी 2004 मध्ये इथे आले. कोणत्याही एका देशाच्या लोकांना नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांपैकी 7 टक्क्यांहून अधिक मिळू नयेत, या नियमामुळे भारतीयांची जी रांग लागते, त्या रांगेत मी अनेक वर्षे काढली आणि 2017 मध्ये नागरिक झाले. पुढच्याच ऑगस्टमध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक होती, आणि मतपत्रिकेवर ठाणेदार हे आडनाव होते. मी ते गोल काळे केले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. त्यांचा एकही जाहीरनामा मी वाचलेला नव्हता. सर्वांसाठी सरकारी आरोग्यविमा, ताशी किमान 15 डॉलर वेतन, अशा गोष्टी ते बोलत आहेत हे कानावर होते, तेवढेच. ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले आणि ग्रेचेन व्हिटमर पुढे गव्हर्नर झाल्या. त्या दिवशीच्या माझ्याशी आज मी भांडते. एवढी वर्षे रांगेत उभे राहून मिळालेला हक्क तू एका आडनावावर खर्च केलास, असे तिला सांगते. ती म्हणते, एवढी वर्षे उभी राहिले म्हणूनच ते नाव दिसल्यावर मला माझा इथला मुक्काम खरा वाटला. तिला काय उत्तर द्यावे हे मला अजून सुचलेले नाही.

आता 2022. ठाणेदार तोवर अ‍ॅन आर्बर सोडून डेट्रॉईटला आले होते, राज्याच्या विधानगृहात निवडून गेले होते, आणि आता काँग्रेससाठी, म्हणजे केंद्राच्या प्रतिनिधीगृहासाठी उभे होते. जूनमध्ये आईचा फोन आला. "आपल्या गावचा मुलगा दिल्लीला जावा तसा वॉशिंग्टनला जाणार, तू काय करणार आहेस?" मी दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या नावाची पाटी आणून अंगणात रोवली आणि तिचा फोटो आईला पाठवला. तो फोटो बेळगावात किती जणांनी पाहिला हे मला पुढे कळले.

जुलैमधल्या एका शनिवारी सकाळी मी झाडांना पाणी घालत होते. शेजारच्या बाई कुंपणापाशी आल्या. त्या कृष्णवर्णीय आहेत, सत्तरी ओलांडलेल्या, शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. जून 2021 मध्ये शहराच्या पूर्व भागावर एका रात्रीत सहा इंचांहून अधिक पाऊस पडला आणि गटारांचे पाणी घराघरांच्या तळघरांत शिरले, तेव्हा त्यांचे आणि माझे तळघर एकाच वेळी भरले होते. आम्ही दोघींनी चार दिवस एकमेकींच्या वस्तू वर काढल्या होत्या. म्हणून त्यांनी पाटीकडे पाहून जे विचारले ते भांडणाच्या सुरात नव्हते. त्यांनी विचारले, "हे गृहस्थ पुराबद्दल काय म्हणतात? पंप आणि गटारांसाठी केंद्राचा पैसा आणणार आहेत का?" मला माहीत नव्हते. "इन्सुलिनच्या किमतीबद्दल?" त्यांना मधुमेह आहे आणि इन्सुलिनची कुपी घेताना त्या महिन्याचे बाकी काय कमी करायचे याचा हिशेब त्या करतात, हे मला ठाऊक होते. उमेदवाराची भूमिका ठाऊक नव्हती. "माझी नात ताशी दहा डॉलरवर राबते. वेतनाचं काय?" इथे मी घाईने पंधरा डॉलर म्हटले, आणि ते 2018 चे ऐकीव उत्तर आहे हे म्हणतानाच मला जाणवले.

मग त्यांनी विचारले, "तर मग ही पाटी कशासाठी?" मी खरे तेच सांगितले, की ते माझ्या गावचे आहेत.

त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "1955 पासून वॉशिंग्टनमध्ये या शहराचा कोणी ना कोणी कृष्णवर्णीय प्रतिनिधी बसलेला आहे. या वेळी तो नसेल अशी आम्हाला भीती वाटते. आम्ही हे बोललो की लोक म्हणतात, रंग पाहू नका, भूमिका पाहा. तूही मागे एकदा म्हणाली होतीस." मी म्हटले होते. चार महिन्यांपूर्वी, त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून, त्यांनी केलेली कॉफी पीत, मी त्यांना मुद्द्यांवर मत द्यायला हवे असे समजावले होते. चार्ल्स डिग्ज, जॉन कॉनयर्स ही शहराच्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींची नावे त्यांच्यासाठी काय आहेत, मतदानाचा हक्कच नाकारला जात होता त्या दक्षिणेकडच्या राज्यांतून त्यांचे आईवडील या शहरात कसे आले, हे सारे ऐकून घेऊन वर हा उपदेश केला होता. आणि आता माझ्या अंगणात ती पाटी उभी होती.

त्या आत निघून गेल्या. मी नळ बंद करायला विसरले आणि वाफ्यातून पाणी वाहून पदपथावर आले. रात्री अंधार पडल्यावर मी पाटी उपटली आणि गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवली. दिवसाढवळ्या काढण्याचे धैर्य मला झाले नाही, याची लाज पाटी लावण्याच्या लाजेपेक्षा मोठी आहे.

पुढचे तीन आठवडे मी वाचत बसले. डेमोक्रॅटांच्या प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते. सर्वोच्च न्यायालयाने 24 जूनला गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला होता आणि मिशिगनमध्ये 1931 चा बंदीचा कायदा पुन्हा जिवंत होण्याची टांगती तलवार होती. ठाणेदार त्या हक्काच्या बाजूने होते, सरकारी आरोग्यविम्याच्या बाजूने होते आणि पंधरा डॉलरवरही ठाम होते. केंद्राचे किमान वेतन 2009 पासून ताशी 7.25 डॉलरवर अडकलेले आहे, तेव्हा ही मागणी लहान नव्हे. पण ज्यांना निवडून येण्याची खरी संधी होती, त्या इतरांच्या भूमिका यापासून फार दूर असल्याचे मला दिसले नाही. जी 7 टक्क्यांची मर्यादा माझ्या जिव्हाळ्याची, ती उठवणारे विधेयक प्रतिनिधीगृहाने जुलै 2019 मध्ये 365 विरुद्ध 65 मतांनी संमत केले होते आणि ते पुढे कायदा होऊ शकले नाही. तिथेही एकट्या उमेदवाराच्या शब्दाने काही हलणार नव्हते. एक गोष्ट मात्र खटकली. 2021 मध्ये इस्राएलला दिली जाणारी मदत थांबवावी अशी मागणी करणाऱ्या राज्य विधानगृहातल्या ठरावाला ठाणेदारांचे नाव होते, आणि काँग्रेसच्या प्रचारात ते त्यापासून दूर झाले. माणसाने मत बदलू नये असे मी म्हणत नाही. पण बदलाचे कारण मतदाराला नीट समजावे ही अपेक्षा मला आजही रास्त वाटते.

भूमिकांनी निवाडा झाला नाही, तेव्हा उरले ते शेजारणीचे म्हणणे. 2 ऑगस्टला मी दुसऱ्या एका उमेदवाराला मत दिले. ठाणेदार सुमारे 28 टक्के मतांवर जिंकले. इथे प्राथमिक फेरीत निम्म्याहून अधिक मतांची अट नाही, आणि हा मतदारसंघ डेमोक्रॅटांचा असल्याने निकाल त्याच दिवशी लागल्यासारखा होता. आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला आणि मी खोटे बोलले नाही. तिने पुढचे दोन रविवार फोन उचलला नाही.

गाव विसरले म्हणणाऱ्यांना मी विचारते: बेळगावात मराठी माणसाला आपला प्रतिनिधी असावा असे वाटते, तेव्हा ते आपल्याला अस्मितेचे आणि न्यायाचे वाटते. मग डेट्रॉईटच्या बाईला तेच वाटले तर ते कमी प्रतीचे कसे? हा युक्तिवाद मी मनात शंभरदा केला आहे आणि तो मला बिनतोड वाटतो. पण मग याच न्यायाने माझी पाटीही चुकीची नव्हती, असे त्यातूनच निघते, आणि मी तिथेच अडकते.

2024 मध्ये मी तयारी करून होते. इन्सुलिन मेडिकेअरवर, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यावर, महिना 35 डॉलरच्या आत आले होते, अर्थात तो कायदा ठाणेदार तिथे पोहोचण्याआधी, ऑगस्ट 2022 मध्येच झाला होता. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक सोशालिस्ट या डाव्या संघटनेचे सदस्यत्व इस्राएलच्याच प्रश्नावरून सोडले. हॅमट्रॅमकला राहणारी माझी येमेनी सहकारी त्या दिवसापासून त्यांचे नाव काढू देत नाही, आणि तिच्या दुःखासमोर मला बोलता येत नाही. तरीही मी त्यांना मत दिले. गर्भपात, स्थलांतर, आरोग्य यांवर ते जिथे होते तिथेच आहेत, हे मी स्वतःला दिलेले कारण. ऐंशीच्या पुढे गेलेल्या आईला या वेळी "होय" म्हणता यावे, हे कारण त्यात नव्हते असे मी शपथेवर सांगू शकत नाही.

मतदानाच्या आठवड्यात शेजारच्या बाई पुन्हा कुंपणापाशी आल्या आणि त्यांनी सहज विचारले, "मग, या वेळी ते काय काय म्हणतात?" मी पाऊण तास बोलले. वेतन, औषधे, पूर, सामाजिक सुरक्षा, इस्राएल, जे पटते ते आणि जे पटत नाही तेही. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "आणि मेरी वॉटर्स काय म्हणतात?"

त्या वेळी प्राथमिक फेरीत ठाणेदारांच्या विरोधात उभ्या असलेल्या, डेट्रॉईटच्या नगरपरिषदेत बसलेल्या या बाईंचे एक पानही मी वाचलेले नव्हते.