सर्व्हिस काँट्रॅक्ट

बेलापूरला कोकण भवनापासून पाच मिनिटांवर माझी दहा बाय बाराची खोली आहे. खाली झेरॉक्सवाला, शेजारी नोटरी. पाटीवर लिहिलंय, ‘रशियन-मराठी-इंग्रजी भाषांतर’. कलिन्याला मी रशियन शिकत होते आणि शेवटच्या वर्षाला आले तोवर सोव्हिएत युनियनच बुडालं. तेव्हा घरच्यांनी मारलेले टोमणे अजून पाठ आहेत. पण पोट भरतंय. महापे-रबाळ्याच्या कारखान्यांतून जुन्या रशियन यंत्रांची मॅन्युअलं येतात, तिकडे एमबीबीएस करून आलेल्या मुलांची गुणपत्रकं येतात, अधूनमधून एखाद्या खलाशाचा दाखला. कंटाळवाणं काम आहे आणि मला ते तसंच आवडतं.

फेब्रुवारी २०२४ मधली दुपार. डबा उघडायच्या बेतात होते, तर दारात एक गृहस्थ. पन्नाशी उलटलेली, पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, मान एका बाजूला किंचित झुकलेली. मार्केटात वर्षानुवर्षं पाठीवर गोणी वाहिलेल्या माणसांची मान अशी होते. कोपरखैरण्यात राहते, त्यामुळे लांबूनही ओळखू येतं.

“मॅडम, रशियन वाचता न्हवं तुम्ही? शेजारच्या नोटरीसायबांनी धाडलं.”

काका कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. मूळचे पाटणकडचे. मुलगा बारावी झालेला, दोन वर्षं मोटारसायकलवर पार्सलं पोचवत होता, डिसेंबरात रशियाला गेला. गोदामात हेल्पर म्हणून. आदल्या रात्री त्याने व्हॉट्सॲपवर चार फोटो पाठवले होते आणि खाली अकरा सेकंदांचा आवाज. काकांनी तो मला लावून दाखवला. “पप्पा, हे कुणाकडनं तरी वाचून घ्या. लवकर. हितं फोन काढून घेणारेत.” मागे कुणीतरी रशियनमध्ये ओरडत होतं. काय ते मला कळलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. “कोण फोनवर आहे?” एवढंच होतं ते.

मी सवयीने आधी दर सांगितला. चार पानं, पानाला सातशे, शिक्क्यासकट. काकांनी मान हलवली. मग पहिला फोटो मोठा केला.

हिरव्या घोंगडीवर ठेवलेला कागद. कोपऱ्यात कागद दाबून धरलेला अंगठा, नखाखाली काळं रक्त साकळलेलं. वर मध्यभागी ठळक अक्षरांत शीर्षक होतं, ‘कंत्राक्त ओ प्रोखोझ्देनिइ वोयेन्नोय स्लुझ्बी’.

मी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

“काका, एजंटने काय सांगितलं होतं? हे कसलं काँट्रॅक्ट?”

“सर्व्हिस काँट्रॅक्ट. तसंच म्हणला त्यो. तिकडं गेल्यावर सर्व्हिस काँट्रॅक्टवर सही करायची, मग पगार चालू.”

एजंट खोटं बोलला नव्हता हो! ‘स्लुझ्बा’ म्हणजे सेवा, नोकरी, सर्व्हिस. त्याने त्यापुढचं एक विशेषण तेवढं गाळलं होतं. ‘वोयेन्नाया’. लष्करी.

आमच्या धंद्यात गाळणं आणि घालणं ही दोन पापं. लोक येतात, म्हणतात, मॅडम, तेवढा ‘तृतीय श्रेणी’ हा शब्द सोडून द्या ना. मी सोडत नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे पान मला येत नाही म्हणून सांगावं, डबा खावा आणि घरी जावं.

सांगितलं. कसं सांगितलं ते नीट आठवत नाही. “काका, हा सैन्यात भरतीचा करार आहे,” असं काहीतरी. काका हसले. खरंच हसले. “न्हाई ओ मॅडम. सैन्यात आमच्या चुलत्यांची भरती झाली हुती, मराठा लाइट इन्फंट्रीत. धावायला लावत्यात, छाती मोजत्यात. हा तर गोदामात गेलाय. व्हिडिओ हाय त्याचा.”

व्हिडिओ दाखवला. एका यूट्यूब चॅनेलवर एक माणूस कुठल्याशा चकचकीत रस्त्यावर उभा राहून सांगत होता की लढायचं काही नाही, मागे राहून सामान सांभाळायचं, मलबा उचलायचा, पगार लाख-दोन लाख, नंतर तिथला कायमचा परवाना. साडेतीन लाख रुपये घेतले होते काकांकडून. पतपेढीचं कर्ज. नोंदणी असलेल्या एजंटला कायद्याने कामगाराकडून तीस हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, हे मला नंतर कळलं. आणि परदेशी जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगारांचे कागद सरकार ज्या अठरा देशांसाठी तपासतं, त्यांत रशियाचं नावच नाही. टुरिस्ट व्हिसावर निघालेल्या बारावी पास पोराला विमानतळावर कोण अडवणार?

मग मी कलमं वाचत गेले. एक ओळ रशियन, मग तिचं मराठी. काका प्रत्येक वाक्याला “हां” म्हणत होते, पोथी ऐकल्यासारखे. सदर व्यक्ती ‘दोब्रोवोल्नो’, म्हणजे स्वखुशीने, रशियन संघराज्याच्या सशस्त्र दलांत सेवा करण्याचं वचन देते. हां. नेमून दिलेली सर्व कर्तव्यं प्रामाणिकपणे पार पाडीन. हां. पद, ‘स्त्रेलोक’.

“ते काय?”

“नेमबाज. बंदूकधारी शिपाई.”

यावर “हां” आलं नाही.

नावाच्या रकान्यात आणखी एक गंमत होती. गंमत कसली म्हणा. रशियनमध्ये आपला ‘ह’ नाही. ‘ह’ आला की ते लोक ‘ख’ नाहीतर ‘ग’ लिहितात. काकांच्या मुलाच्या नावातला ‘ह’ जाऊन तिथे ‘ख’ बसला होता, आणि बापाच्या नावाचंही असंच काहीतरी झालं होतं. काकांना ते मोठ्याने वाचून दाखवलं तर म्हणाले, “ह्यो आमचा न्हाईच मग. दुसराच कुणीतरी असंल.” क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. मी चौथं पान उघडलं. तळाशी सही होती. सगळ्या सिरिलिक अक्षरांच्या खाली, निळ्या बॉलपेनाने, मराठीत. शेवटच्या अक्षरावरून मागे ओढलेली लांब रेघ आणि तिच्याखाली दोन टिंबं.

काकांनी फोन माझ्या हातून घेतला आणि बोटाने ती रेघ चोळली. “शाळेपास्नं असंच करतोय. मास्तर मारायचे ह्या टिंबांवरनं.”

बराच वेळ पंख्याचा आवाज तेवढा. मी चहा मागवला. चहा येईपर्यंत काकांनी विचारलं, “म्हंजे भाड्याचा शिपाई झाला का त्यो? गारदी?”

गारदी. हा शब्द मला सुचला नसता. पानिपतावर शेवटपर्यंत लढलेला इब्राहिमखान गारदीही आपल्याला तितकासा आठवत नाही. आठवतो तो शनिवारवाडा, १७७३ ची ती दुपार आणि ‘ध’चा ‘मा’. इथे अक्षर बदलायचीही गरज पडली नव्हती.

भाडोत्री सैनिकाला रशियनमध्ये ‘नायोम्निक’ म्हणतात. तो शब्द चार पानांत कुठेच नव्हता, आणि तो असणारही नव्हता. भाडोत्री सैनिक म्हणून लढणं हा खुद्द रशियाच्या दंडसंहितेत गुन्हा आहे, कलम ३५९. शिवाय जिनिव्हा करारांना १९७७ साली जो पहिला प्रोटोकॉल जोडला, त्याच्या कलम ४७ मध्ये भाडोत्री कोणाला म्हणायचं याच्या कसोट्या आहेत, आणि सगळ्याच्या सगळ्या लागू व्हाव्या लागतात. त्यातली एक अशी की तो माणूस लढणाऱ्या देशाच्या सैन्यात नसावा. काकांच्या मुलाने सही केली त्या घडीला तो रीतसर सैन्यात होता. म्हणजे कायद्याने गारदी नाही, शिपाई.

“त्यानं काय फरक पडतो?”

“पडतो काका. भाडोत्री माणसाला युद्धकैद्याचे हक्क नसतात. शिपायाला असतात. पकडला गेला तर...”

“पकडला गेला म्हंजे?”

मी गप्प बसले. मला वाटलं होतं मी धीर देतेय.

मुदतीचं कलमही सांगायला हवं होतं. करारात एक वर्ष लिहिलं होतं. काका बोटांवर महिने मोजायला लागले. जानेवारीत सही, म्हणजे पुढच्या संक्रांतीला मोकळा. पण मी कामासाठी रोज रशियन बातम्या वाचते. सप्टेंबर २०२२ मध्ये पुतिन यांनी अंशतः लामबंदीचं, म्हणजे राखीव माणसांना सैन्यात बोलावण्याचं, जे फर्मान काढलं, त्यात सैनिकांचे करार लामबंदीचा काळ संपेपर्यंत चालूच राहतील असं कलम आहे. तो काळ संपल्याचं फर्मान निघालेलं नव्हतं. सोडायला कारणं तीनच, वय, तब्येत नाहीतर तुरुंगवास. परदेशी माणसाच्या एक वर्षाच्या कराराला हे किती लावतील, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार? तरी म्हटलं, “एक वर्ष लिहिलंय, पण त्यावर विसंबू नका.” काकांनी मोजायला उघडलेली बोटं मिटून घेतली.

त्या दिवशी आम्ही तीन गोष्टी केल्या. करारात ‘व्ह/च’ या अक्षरांपुढे पाच आकडी नंबर होता. तो लष्करी तुकडीचा नंबर. मी तो मोठ्या अक्षरांत वेगळ्या कागदावर लिहून दिला आणि सांगितलं, हा हरवू नका, याच्याशिवाय तुमचा मुलगा कुणालाच सापडणार नाही. मग परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकली. ओटीपी काकांच्या बायकोच्या फोनवर जात होता आणि त्या माउलीला अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. काका जिन्यात जाऊन बोलले, “बँकेचं काम हाय, आकडा सांग.”

तिसरी गोष्ट म्हणजे अर्ज. रशियनमध्ये, तुकडीच्या कमांडरला, एक प्रत मॉस्कोतल्या आपल्या वकिलातीला. मी म्हटलं, तुम्ही बोला, मी लिहिते. काकांनी टॉवेल खांद्यावरून काढून मांडीवर घेतला.

“साहेब, माझं पोरगं अडाणी न्हाई. पण तुमची भाषा त्याला येत न्हाई. जे त्याला वाचता आलं न्हाई त्याच्यावर त्यानं सही केली. चूक त्याची हाय. पैसं मी भरलं, माझीबी हाय. त्याला गोणी उचलायला ठेवा, मी नको म्हणणार न्हाई. बंदूक देऊ नका.”

हे सगळं जसंच्या तसं रशियनमध्ये गेलं. ‘गोणी’ला मी ‘मेशोक’ लिहिलं. अर्ज-विनंतीच्या रशियन नमुन्यात असल्या वाक्याला जागा नसते, पण मी ते वाक्य गाळलं नाही. खाली प्रमाणपत्र ठोकलं, ‘मूळ मजकुराशी प्रामाणिक भाषांतर’. सही, शिक्का. काकांनी अठ्ठावीसशे मोजून टेबलावर ठेवले. नको म्हटलं तर म्हणाले, “हमाली हमाली असती मॅडम.”

पुढचं थोडक्यात. पोलीस ठाण्यात काकांना सांगितलं गेलं की मुलगा सज्ञान आहे, स्वखुशीने गेलाय, तुमच्याच भाषांतरात तसं लिहिलंय. त्या ‘दोब्रोवोल्नो’वर अधिकाऱ्याने पेनाने रेघ मारून दाखवली म्हणे. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मग दहा-बारा दिवसांत वर्तमानपत्रांतून हैदराबाद, सुरत, काश्मीरकडच्या मुलांच्या बातम्या यायला लागल्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सीबीआयने एजंटांवर गुन्हा नोंदवून मुंबईसह सात शहरांत तेरा ठिकाणी छापे घातले. काकांच्या एजंटच्या वाशीतल्या ऑफिसची पाटी त्याआधीच उतरली होती. जुलैत पंतप्रधान मॉस्कोला गेले, तिथे हा विषय निघाला आणि रशियाने भारतीयांना सोडायचं कबूल केलं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने आकडे दिले. रशियन सैन्यात गेलेले १२६, परत आलेले ९६, मेलेले १२, बेपत्ता १६, बाकीचे अजून तिथेच.

आमचा मुलगा त्या ९६ मधला.

हे आकडे यायच्या आधीच, २०२४ च्या ऑक्टोबरात, काका त्याला घेऊन आले. वाशीच्या कानाच्या डॉक्टरांना रशियन लष्करी रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद वाचून हवा होता. पोरगा माझ्यासमोर तिरका बसला, उजवा कान माझ्याकडे करून. डावा कामातून गेलेला. कागदावर ‘अकुबारोत्राव्मा’ असा शब्द होता, स्फोटाच्या दाबाने कानाला होणारी इजा. मला तो शब्दकोशात शोधावा लागला. त्याने शोधू दिला आणि मग म्हणाला, “तिथं सगळ्यांनाच हुतं ते.”

तीस वर्षांत मला जी रशियन आली नाही ती त्याला आठ-नऊ महिन्यांत आली होती. पण सगळी क्रियापदं आज्ञार्थी. चल, पटापट, झोप खाली, उचल, गप्प. ‘कृपया’ला काय म्हणतात हे त्याला माहीत नव्हतं. मी सहज रशियनमध्ये विचारलं, चहा घेणार? तर तो ताडकन उठून उभा राहिला. मग ओशाळून बसला.

काका आज बरेच बोलत होते. आईने किती नवस बोलले, पतपेढीने हप्ते कसे थांबवून दिले. बोलता बोलता मुलाकडे वळून म्हणाले, “आरं, त्यो तुझ्यासंगं गेल्याला गुजरातचा पोरगा, जिलेबी आवडायची बघ त्येला, त्यो आला का सुटून?”

पोराने उत्तर देताना काकांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

“द्वुख्सोती.”

हा शब्द मला शोधावा लागला नाही. अफगाणिस्तानच्या युद्धापासूनचा आहे. विमानातून घरी पाठवायच्या शवपेट्यांना मालवाहतुकीच्या कागदावर ‘माल २००’ लिहायचे. त्यावरून मेलेला माणूस म्हणजे द्वुख्सोती, दोनशेवा.

“काय म्हणला ह्यो?” काकांनी मला विचारलं.

“दोनशे,” मी म्हटलं. “आकडा आहे.”

“कशाचा?”

पोरगा खिडकीबाहेर बघत होता. मी बिलबुक ओढून घेतलं आणि टोपण काढलं.