तुम्ही विचारलंत म्हणून : सोलापुरात घर एजंटकडून बघावं की ऑनलाइन?

"आईबाबांसाठी सोलापुरात फ्लॅट घ्यायचाय. एजंट धरू, की ऑनलाइनच बघू?" हे मला विचारणारी बहुतेक मुलं पुण्यात नोकरीला आहेत. अडीचशे किलोमीटरवरून दर रविवारी घरं बघायला येणं होत नाही, म्हणून रात्री जेवणं झाली की फोनवर फोटो बघत बसतात.

माझं उत्तर ठरलेलं आहे. भाव फोनवर समजून घ्या, घर मात्र त्या भागातल्या एजंटबरोबरच बघा.

कारण पाणी. धरण उजनीएवढं, पण शहरातल्या कितीतरी भागांत नळ तीन-चार दिवसांआड येतो, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. जाहिरातीत मात्र सगळीकडे 'चोवीस तास पाणी'. माझ्या भाचीबरोबर, तिच्या आईबाबांसाठी, जुळे सोलापूर भागात असाच एक फ्लॅट बघायला गेलो होतो. फोटोत हॉल, किचन, गॅलरी, सगळं झकास. एजंट तिथलाच राहणारा. त्यानं आम्हाला वर नेलंच नाही. पार्किंगमधल्या हौदाचं झाकण उचललं आणि म्हणाला, "ताई, आधी हे बघा." बारा फ्लॅटना तेवढाच हौद. नळाचं पाणी दोन दिवसांत संपतं, मग बोअर, बोअर आटलं की टँकर, आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये. जिन्याखाली निळी पिंपं ओळीनं भरून ठेवलेली होती. फोटोत त्यातलं एकही नव्हतं. "म्हाताऱ्या माणसांना हे झेपायचं नाही, मागच्या गल्लीतलं दाखवतो," असं तोच म्हणाला. कमिशन त्याला मागच्या गल्लीतही मिळणार होतं, हे खरं. पण त्याला त्याच भागात राहायचं होतं, उद्या मंडईत आमची गाठ पडणार होती. ही लाज फोनवरच्या जाहिरातीला नसते.

दुसरं म्हणजे, कितीतरी चांगली घरं ऑनलाइन येतच नाहीत. पूर्व भागात, अशोक चौक, साखर पेठेकडे, घर विकायचंय ही बातमी आधी गल्लीत फिरते, तीही बहुतेकदा तेलुगूत. तिथला माणूस बरोबर नसेल तर तुमच्यापर्यंत ती पोचणारच नाही.

मग फोन कशाला? भावासाठी. एकच फ्लॅट तीन एजंटांनी तीन भावांनी टाकलेला दिसतो, आणि विकला गेलेलाही तसाच राहतो, तेव्हा तिथला आकडा म्हणजे फक्त मागणी. खरा व्यवहार कितीला झाला ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये मिळतं. त्याच इमारतीतल्या आधीच्या विक्रीचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, काढा आणि मगच एजंटशी भाव बोला. पुण्यात बसून हे काम उत्तम होतं.

सगळेच एजंट त्या हौदवाल्यासारखे नसतात, हेही सांगायलाच हवं. महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात, नोंदलेल्या प्रकल्पातले फ्लॅट विकणाऱ्या एजंटचीही नोंदणी लागते. नंबर मागा आणि महारेराच्या साइटवर ताडून बघा. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा ८ पर्यंत फ्लॅटच्या इमारतींना ही नोंदणी सक्तीची नाही, आणि अशा छोट्या इमारती आपल्याकडे भरपूर. तिथं बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरता येते असा दाखला) स्वतः बघा. १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या भागांत जागा गुंठेवारीची, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली, आहे का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. एजंट गुळमुळीत बोलायला लागला तर तिथूनच परत फिरा.

कमिशन किती, ते कधी द्यायचं, आणि तो समोरच्याकडूनही घेणार आहे का, हे घरं बघायच्या आधी बोलून घ्या. ठरलेलं कमिशन मात्र वेळेवर द्या; त्या माणसानं उन्हातान्हात फिरून ते कमावलेलं असतं.

इसाराची घाई करू नका. "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय" हे प्रत्येकालाच सांगतात. कर्ज काढणार असाल तर बँकेचा वकील कागद बघतो, पण तो बँकेसाठी बघतो. आपला वकील वेगळा करा, मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च काढून घ्या, मगच इसार द्या.