उतार बघून लाव

रविवारची दुपार. आषाढातली उघडीप. जेवून जरा पाठ टेकली, तर खालून आवाज यायला लागला. खर्रर्र... फुस्. थोडी उसंत, मग पुन्हा खर्रर्र... फुस्. सोसायटीच्या माळीमामांनी लॉन कापायचं मशीन बाहेर काढलं होतं आणि ते त्याची दोरी ओढत होते. मी पडल्या पडल्या मोजत होतो. बारा झाले. तेराव्याला उठलो.

"तुम्हाला कुणी बोलावलंय का?" हिने डोळे न उघडताच विचारलं.

कुणी बोलावलं नव्हतं. पण कुठे इंजिन चालू होत नसलं की मला आमंत्रण लागत नाही. काही लोक परक्यांच्या लग्नात जेवून येतात, मी परक्यांच्या उघड्या बॉनेटमध्ये डोकं घालून येतो.

मशीन दिवाळीपासून पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होतं, टाकीतल्या उरल्यासुरल्या पेट्रोलसकट. झाकण काढून वास घेतला. शिळ्या पेट्रोलला पेट्रोलचा वास येत नाही. मे महिन्यात शाळेतल्या बाकांना व्हार्निश मारायचे, तसला येतो. टाकी रिकामी केली. प्लग काढला तर काळाकुट्ट आणि ओला, तो पॉलिश पेपरने घासला. मग कार्बोरेटरची वाटी खोलली. तळाशी काकवीसारखा पिवळा चिकटा साचलेला आणि जेटचं भोक, जे मुळातच सुईच्या टोकाएवढं, ते पार बुजलेलं. वायरीतली तांब्याची एक तार ओढून काढली, भोकातून घातली, फुंकर मारली. तोंडात पेट्रोल गेलं. किती वर्षांनी ती चव आली!

"साहेब, तुम्ही आधी गॅरेजला होता का?" मामांनी विचारलं.

"नाही मामा, बँकेत आहे."

"मग हे?"

"घरी ट्रॅक्टर होता."

हे वाक्य ऐकून लोकांच्या डोळ्यांपुढे गॉगल लावलेला ऊस बागायतदार येतो. आमची खटाव तालुक्यात अकरा एकर, त्यातलं निम्मं माळ. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आणि आबांनी, म्हणजे चुलत्यांनी, मिळून १९८६ साली घेतलेला तिसऱ्या हाताचा बी-२७५. पस्तीस हॉर्सपॉवर, मूळचा लाल. मूळचा विलायतीसुद्धा, ब्रॅडफर्डला इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या कारखान्यात हे मॉडेल जन्मलं आणि १९६३ साली महिंद्रांनी त्या कंपनीशी भागीदारी केल्यावर पुढे ते कांदिवलीत बनायला लागलं. अण्णांना ब्रॅडफर्ड ठाऊक नव्हतं, कांदिवली ठाऊक होती. एकदा आतेभावाच्या साखरपुड्याला मुंबईला गेलो, तर परतायच्या दिवशी ते मला घेऊन कांदिवलीला उतरले. आकुर्ली रोडला कारखान्याच्या फाटकासमोर जाऊन नुसते उभे राहिले. वॉचमनने विचारलं, काय काम आहे?

"काम काय न्हाई. आमच्या ट्रॅक्टरचं माहेर हाय, बघून जावं म्हटलं."

वॉचमन उत्तरेकडचा असावा, माहेर त्याला कळलं नाही. पण त्याने आम्हाला पाणी दिलं.

विलायत ट्रॅक्टरच्या हाडात मात्र राहिली होती. नट-बोल्ट इंचातले आणि आमच्या पेटीतले पाने मिलिमीटरचे. त्यामुळे आम्ही भावंडं अपूर्णांक शाळेत शिकलो नाही, ट्रॅक्टरच्या पोटाखाली उताणे पडून शिकलो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, त्याला १९ नंबर बेमालूम बसतो. चार सूत म्हणजे अर्धा इंच, त्याला १३ चालवून घ्यायचा, जरा ढिला होतो. पण साडेचार सुताला १४ जात नाही आणि १५ घसरतो, आणि घसरला की बोटाची सालपटं निघतात. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर साडेचार सुताची खूण अजून आहे. कुणी ॲडजस्टेबल पाना पुढे केला तर अण्णा तो बाजूला सारायचे. "ठेव त्यो. नट खातो."

गंमत म्हणजे तसल्या सरकत्या पान्याचं एक रूप आणि गवत कापायचं मशीन, दोन्ही एकाच डोक्यातून निघाल्याचं सांगतात. एडविन बडिंग, इंग्लंडातल्या स्ट्राउडचा. गिरणीत लोकरीच्या कापडावरची लव कातरणारं यंत्र बघून त्याला वाटलं, हेच जमिनीवर फिरवलं तर? १८३० साली त्याने पेटंट घेतलं. हुशार माणूस, पण त्याच्या दारात म्हैस नसावी. आई पहिल्यांदा आमच्याकडे पुण्याला आली, तेव्हा कापलेलं गवत पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकताना तिने बघितलं आणि दिवसभर तिला चैन पडेना. "खत घालायचं, पाणी पाजायचं, वाढलं की कापायचं आन् टाकून द्यायचं? मग लावायचं कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. अजून येत नाही.

तर ट्रॅक्टर. बॅटरी हा प्रकार आमच्याकडे बहुतेक काळ नावापुरताच होता. नवी घ्यायची म्हणजे कांद्याच्या पट्टीची, विक्रीच्या पैशांची, वाट बघायची, आणि पट्टी हातात आली की तिला आधी दुसऱ्याच वाटा फुटायच्या. डिझेलचं इंजिन एकदा फिरलं की त्याला बॅटरी विचारावी लागत नाही. पहिला हिसका तेवढा हवा. तो हिसका आम्हाला उतार द्यायचा. घरी चिंचेपासून ओढ्यापर्यंत चांगला उतार होता. पण अण्णा कुठेही गेले, बाजारात, पाहुण्यांकडे, कुणाच्या मयताला, तरी ट्रॅक्टर थांबवायच्या आधी त्यांचे डोळे उतार हुडकायचे. चाकाखाली दगड. निघताना दगड काढायचा, क्लच दाबून गिअरमध्ये टाकायचं, ट्रॅक्टर गडगडत निघाला की क्लच सोडायचा. एक गचका, काळ्या धुराचा लोट, आणि धडधड सुरू.

दगड काढायचं काम माझं. काढायचा, बाजूला व्हायचं, आणि मग तो उचलून ट्रॅक्टरमागे पळत सुटायचं. काळा, पाच-सहा किलोचा, एका अंगाला टायर घासून घासून गुळगुळीत झालेला. तो टाकून यायची सोय नव्हती, कारण पुढच्या मुक्कामी तसा दगड मिळेलच असं नाही. ट्रॅक्टरच्या मागे दगड घेऊन पळणारा मुलगा बघून परगावची माणसं काय समजत असतील, देव जाणे.

परिणाम असा की मी आजही गाडी सपाटीवर लावू शकत नाही. मॉलच्या तळघरात दोन मजले खाली, सगळीकडे पुसून घेतल्यासारखी फरशी, तरी मी रॅम्पच्या कडेची जागा मिळेपर्यंत चकरा मारतो. आमची गाडी ऑटोमॅटिक आहे. ऑटोमॅटिक गाडी उतारावर सोडून चालू होत नाही, हे मला हिने सांगायची गरज नाही. माहीत असून काय उपयोग? हिला बघायला आम्ही गेलो तेव्हा एसटीने गेलो होतो. परत येताना स्टँडवर आत्याने विचारलं, कसं वाटलं स्थळ? अण्णा म्हणाले, "चांगलं हाय. अंगणाला उतार हाय."

उतार एकदाच कामाला आला नाही. मृगाचा पाऊस होऊन वापसा आला होता, म्हणजे जमीन पेरणीजोगी झाली होती. वापसा काही कुणासाठी थांबत नाही. दोन दिवसांत बाजरी मातीआड गेली पाहिजे. दिवस मावळताना ट्रॅक्टर रानाच्या मधोमध बंद पडला. टाकी बघायची राहिली होती. आबा सायकलवर कॅन बांधून गेले, डिझेल घेऊन आले, पण तोवर डिझेलच्या लायनीत एअर धरली होती, म्हणजे हवा अडकली होती. अण्णांनी फिल्टरवरचा बोल्ट दोन आटे ढिला केला आणि मला हातपंप दाबायला बसवलं. अंगठ्याने दाबायचा, सोडायचा, दाबायचा. आधी नुसतं हिस्स. मग साबणाच्या पाण्यासारखा फेस. मग फेस आणि डिझेल आळीपाळीने, तुटक तुटक थुंकल्यासारखं. आबांच्या हातात टॉर्च, अण्णांचे डोळे त्या बोल्टवर. "धार तुटतीया का? दाब अजून." किती वेळ दाबत होतो सांगता येणार नाही, शेवटी काचेच्या दोऱ्यासारखी सलग, न तुटणारी धार आली, तेव्हा अंगठा माझा राहिला नव्हता.

पण बॅटरी मेलेली आणि रान परातीसारखं सपाट. अण्णा थोडा वेळ बांधावर बसले. मग आबांना म्हणाले, "तात्याला बोलवावं लागतंय."

तात्या शेजारचे. आम्ही बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतला तेव्हा 'विकू नगा' म्हणणारा गावातला एकटा माणूस. ते आले, जू आणि साखळी घेऊन. आमच्या पस्तीस हॉर्सपॉवरला तात्यांचे दोन बैल जुंपले. नोझलचे, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांचे, नट ढिले ठेवून तशीच ओढ दिली, उरलेली हवा भसाभसा बाहेर आली, नट आवळले, पुन्हा ओढ. तिसऱ्या ओढीला ट्रॅक्टर असा काही गरजला की बैल जू-साखळीसकट पार ओढ्यापर्यंत गेले. तात्या टॉर्च मागून घेऊन त्यांच्यामागे गेले. त्या रात्री ते एक शब्द बोलले नाहीत, पुढेही कधी नाहीत. बोलले असते तर अण्णांना बरं वाटलं असतं.

असल्या दुरुस्त्यांतून शिकलेलं पुढे काय कामाला येतं? डिझेलची टाकी गळायला लागली तर धुण्याचा साबण चोळून वेळ मारून नेता येते, हे बँकेत कुणी विचारत नाही. पॅकिंग फाटलं तर जाड पुठ्ठा भागावर ठेवून कडेकडेने हातोडीने हळूहळू ठोकायचं, लोखंडाची कडच कात्रीचं काम करते, हेही. पुठ्ठा घरात नसायचा, लग्नपत्रिका असायच्या. धाकट्या आत्याच्या नणंदेची पत्रिका आमच्या पाण्याच्या पंपाला होती. कडेला चिमटीएवढा गणपती दिसायचा. पंप गळला नाही.

अण्णा आता ७९ वर्षांचे आहेत. रानातली कामं चुलतभावाचा नवा ट्रॅक्टर करतो. जुना चिंचेखाली असतो, उतारावर, दगड लावून. दर अमावस्येला अण्णा त्याला पाणी मारतात, नारळ फोडतात, लिंबू बांधतात आणि दहा मिनिटं चालू ठेवून बंद करतात. एके काळी ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला, आणि कुठलं नोझल बिघडलंय ते सांगायचे. आयुष्यभर त्या उघड्या सीटवर बसून कान गेले. आता बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहतात. तेवढ्यावर त्यांना काय कळतं ते आम्ही विचारत नाही.

वाटी बसवली, नवं पेट्रोल ओतलं, चोक दिला. मामांनी दोरी ओढली. एकदा. दुसऱ्यांदा लागलं. थोडा निळा धूर सोडून मशीन सुरात आलं, मामा हसले आणि गवतात शिरले. मी हात पुसत वर आलो आणि राहवेना म्हणून गावाकडे फोन लावला. आईने उचलून अण्णांना दिला.

"अण्णा, मशीन चालू केलं!"

"काय?"

"मशीन! गवत कापायचं! जेट साफ केला!"

"आवाज कसाय?"

आता आवाज कसा होता हे त्यांना ओरडून कसं सांगणार? मी गॅलरीत गेलो आणि फोन कठड्याबाहेर धरला. मामांनी एक फेरी मारली, दुसरी मारली, कोपऱ्यावर जरा जड झालं, पुन्हा मोकळं झालं. हात भरून आला तरी धरून ठेवला. तिसऱ्या फेरीनंतर फोन कानाला लावला.

"ऐकलं का अण्णा?"

"काय खरखर लावलीय रे मघापासनं?" आई म्हणाली. "ते कवाच फोन माझ्याकडं देऊन चिंचंखाली गेले. अमावस्या न्हाई का आज."