होम्सला गेलात तर 'चार-शून्य'चं विचारा

कुवेतच्या आमच्या ऑफिसात हिशेब खात्यात सीरियातल्या होम्स शहराचे एक गृहस्थ आहेत. वयाने माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना अम्मो म्हणतात, म्हणजे काका. मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर तालमीतालमीतल्या मॅचा बघत वाढलेला. त्यामुळे आमचं सूत जमायला फुटबॉलशिवाय दुसरं काही लागलं नाही. ३ नोव्हेंबर २००९ ला एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेची फायनल कुवेतमध्ये झाली, कुवेत क्लब विरुद्ध होम्सचा क्लब अल-करामा. अम्मो ती बघायला स्टँडमध्ये होते. करामा २-१ ने हरला. सोळा वर्षं झाली तरी तो विषय निघाला की ते चहाचा कप खाली ठेवतात.

गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५ मध्ये, मी सीरियाला जायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी एकच काम सांगितलं. खालिद बिन वलीद स्टेडियममध्ये जा, माझ्या जागेचा फोटो काढून आण. कोणता स्टँड, वरून कितवी पायरी, सगळं कागदावर लिहून दिलं. आणि एक सल्ला दिला, जो मी पुढे जाणाऱ्या प्रत्येकाला देतो. होम्समध्ये कुणालाही यादवी युद्धाबद्दल आपणहून विचारू नका. करामाच्या चार-शून्यच्या रात्री तुम्ही कुठे होता, एवढंच विचारा.

आधी जाण्यायेण्याचं उरकतो. भारत सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये सीरियाला जाऊ नका असा स्पष्ट सल्ला दिला होता. निघण्यापूर्वी ताजी सूचना वाचा आणि होम्सच्या बातम्या रोज बघा, कारण शहरात काही वस्त्यांमध्ये अधूनमधून तंग वातावरण असतं. मी अम्मानमार्गे गेलो. तिथून शेअर टॅक्सीने सरहद्द ओलांडून दमास्कस. जॉर्डनचा व्हिसा दोन वेळच्या प्रवेशाचा घ्या, नाहीतर परतताना सरहद्दीवर अडकाल. सीरियाच्या व्हिशाचे नियम आणि फी सारखी बदलते, मित्राने मागच्या वर्षी काय भरलं त्यावर जाऊ नका. मी एका एजंटवर विसंबलो. त्याने सगळं तयार आहे म्हणून सांगितलं आणि सरहद्दीवर मला चार तास बाकड्यावर बसावं लागलं. कागदांच्या छापील प्रती जवळ ठेवा, मोबाईलमधला फोटो पुरत नाही.

पैसे म्हणजे डॉलर, रोख, कोऱ्या नोटा. कार्डं घरी ठेवली तरी चालतील. मी गेलो तेव्हा एका डॉलरला दहा-अकरा हजार लिरा मिळायचे आणि सर्वांत मोठी नोट पाच हजारांची. शंभर डॉलर मोडले की दोनशेच्या वर नोटा हातात यायच्या. पाकीट पुरायचं नाही, पिशवीच लागायची. २०२६ च्या सुरुवातीपासून दोन शून्यं उडवलेल्या नव्या नोटा आल्यात, तेव्हा भाव ऐकला की जुन्यात की नव्यात हे आधी विचारा. वीज येते-जाते, म्हणून पॉवर बँक आणि टॉर्च हवीच.

दमास्कसहून होम्स १६० किलोमीटर. मोठ्या बसला तिथे पुलमन म्हणतात, मिनीबसला सर्वीस. उत्तरेकडच्या गाड्या हरस्ताजवळच्या स्थानकातून सुटतात, तिकिटाला पासपोर्ट लागतो. स्थानकातून बाहेर पडताच दोन्ही बाजूंना पडकी गावं सुरू होतात आणि बसमध्ये सगळे गप्प होतात. होम्स जवळ आलं हे झाडांवरून कळतं. पश्चिमेच्या डोंगरांत एक खिंड आहे, तिच्यातून समुद्राचा वारा थेट आत येतो. त्याने वर्षानुवर्षं रेटून झाडं पूर्वेकडे कलली आहेत, सगळीच्या सगळी, एकाच बाजूला. टोपी घट्ट बसणारी घ्या.

मी पोचलो तो नेमका बुधवार. अरब जगात होम्सवाल्यांवर विनोद चालतात आणि बुधवार हा त्यांच्या वेडेपणाचा वार मानला जातो. तैमूरलंग आला तेव्हा गावाने वेडाचं सोंग घेतलं आणि त्याला पळवून लावलं, अशी दंतकथा ते स्वतःच सांगतात. टॅक्सीवाल्याला मी फुटबॉल क्लब बघायला भारतीय माणूस कुवेतहून आलोय म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, बरोबर वार निवडलात. आणखी एक गोष्ट लक्षात आली. आखातात आम्हाला सगळे 'सदीक' म्हणून हाक मारतात. शब्दाचा अर्थ मित्र, पण सूर 'ए बाबा'चा. होम्समध्ये मला तीन दिवसांत एकदाही सदीक ऐकू आलं नाही. उस्ताज म्हणायचे, गुरुजी म्हणावं तसं.

उतरायला घड्याळ चौकाच्या आसपास बघा. मधोमध उभा असलेला मनोरा ब्राझीलला गेलेल्या एका होम्सकर बाईंच्या देणगीतून उभा राहिला. एप्रिल २०११ मध्ये याच चौकात हजारो लोक सरकारविरोधात ठिय्या देऊन बसले होते आणि रात्री त्यांच्यावर गोळीबार झाला. चौकापासून खालिद बिन वलीद मशीद चालत जाण्यासारखी आहे. रुपेरी घुमट, दोन उंच मिनार, आत खालिद या इस्लामच्या सुरुवातीच्या काळातल्या सेनापतीची कबर. युद्धात ती फार मोडली होती, नंतर दुरुस्त केली. मला ती बघायची होती ती वेगळ्या कारणासाठी.

करामा क्लब १९२८ चा. तेव्हा त्याचं नाव करामा नव्हतंच, खालिद बिन वलीद क्लब असं होतं. आपल्याकडे तालमीला पेठेचं किंवा देवाचं नाव असतं तसंच. १९७१ मध्ये सरकारने देशातला खेळ एका मध्यवर्ती महासंघाच्या हाताखाली आणला, क्लबांची जुनी नावं बदलली, तेव्हा हा 'करामा' झाला. करामा म्हणजे आत्मसन्मान. जुनं नाव मशिदीवर आणि स्टेडियमवर राहिलं. पोरं निळा शर्ट घालून त्याच नावाच्या मैदानावर खेळत राहिली, म्हणजे सरकारने नेमकं काय बदललं हे मला अजून कळलेलं नाही. शहरातला दुसरा क्लब वथबा, लाल शर्टवाला. दोघांचं मैदान एकच आणि भांडण जुनं.

करामाने पहिली लीग १९७५ मध्ये जिंकली, मग १९८३ आणि ८४ लागोपाठ, मग १९९६. हे सगळं ठीकच. खरा काळ २००६ ते २००९. लीग सलग चार वेळा. प्रशिक्षक मोहम्मद कुवैद, गोलात मुसअब बलहूस, मधल्या फळीत जिहाद अल-हुसेन, बरेचसे गावातलेच. २००६ मध्ये हे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत गेले आणि समोर आला जेद्दाचा इत्तिहाद. तो २००४ आणि २००५ चा विजेता, पैशाने गबर. जेद्दात करामा ०-२ हरला. विषय संपला असं होम्सबाहेरच्या सगळ्यांना वाटलं. परतीच्या सामन्यात नव्वद मिनिटांत दोन गोल करून बरोबरी, आणि जादा वेळेत आणखी दोन. चार-शून्य.

मशिदीजवळच्या एका चहाच्या टपरीवर मी अम्मोंचा प्रश्न टाकला. तिथे चहा म्हणजे 'माते' नावाचा दक्षिण अमेरिकी पानांचा चहासुद्धा असतो. अर्जेंटिनाला गेलेली माणसं परतताना ही सवय घेऊन आली आणि देशाला लावली, धातूच्या नळीने ओढतात. कडू लागतो, पहिल्या दिवशी साखर मागून घ्या. प्रश्न विचारला आणि पाच मिनिटांत टेबलाभोवती सात माणसं. एकाला तिकीट मिळालं नव्हतं, तो भिंतीवर होता. एकाची बायको त्या रात्री बाळंत होत होती आणि तो रेडिओ घेऊन दवाखान्याच्या जिन्यात. मुलगा झाला, कुठे असतो आता, असं मी विचारलं. जर्मनीत, म्हणाला. भाऊ? गेला. दुकान? तेही. मी युद्धाचा शब्द काढला नव्हता.

पुढची गोष्ट त्यांनी एकमेकांना तोडत सांगितली. उपांत्य फेरीत कुवेतचा कादिसिया, होम्समध्ये शून्य-शून्य, कुवेतमध्ये जाऊन १-०. फायनल कोरियाच्या जिओनबुकशी. तिकडे ०-२. ८ नोव्हेंबरला होम्समध्ये पुन्हा तोच चमत्कार होत आला होता. दुसऱ्या अर्धात दोन गोल, एकूण बरोबरी, आणखी एक पडला की आशियाचा चषक या गावात. आणि शेवटची चार-पाच मिनिटं राहिली असताना झे कार्लो नावाच्या ब्राझिलियनने जिओनबुकसाठी गोल केला. इथे टेबलावर सगळे थांबले. त्याचं नाव तिथे कुणी घेत नाही, 'तो' म्हणतात. २००७ आणि २००८ मध्येही करामा उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, सोंगनाम आणि गाम्बा ओसाकाने थांबवलं. पण त्या मॅचांबद्दल कुणाला फारसं बोलायचं नव्हतं.

भारतीय म्हणून तुमचीही थोडी थट्टा होईल, तयारीत राहा. २००७ आणि २००९ मध्ये दिल्लीत नेहरू कपच्या फायनलला भारताने सीरियाला हरवलं, दुसऱ्यांदा पेनल्टीवर. आपल्याकडे ते विसरले असतील, तिथे एका म्हाताऱ्याला ते मिनिटासकट पाठ होतं.

२०११ ची लीग अर्ध्यातच रद्द झाली. नंतरची काही वर्षं सामने दमास्कस आणि लताकियातच व्हायचे, होम्सच्या क्लबांना स्वतःचं मैदान नव्हतं. क्लबची माणसं चहूकडे विखुरली. करामाच्या कुमार संघाचा गोलकीपर अब्दुल बासित सारूत निदर्शनांत गाणी म्हणू लागला, मग बंदूक घेतली, २०१९ च्या जूनमध्ये जखमांनी गेला. त्याची चित्रं भिंतीभिंतीवर दिसतात. त्याच्याबद्दल एकमत आहे असं समजू नका. मी एकाच संध्याकाळी त्याच्यासाठी रडणारा माणूसही पाहिला आणि त्याचं नाव निघताच उठून गेलेलाही. आपण पाहुणे, ऐकून घ्यावं. बलहूसला २०११ मध्ये पकडलं, काही महिने त्याचा पत्ता नव्हता, २०१२ मध्ये तो पुन्हा राष्ट्रीय संघाच्या गोलात उभा दिसला. याच गावचा फिरास अल-खतीब, ज्याने पुढे कुवेतची मैदानं गाजवली, सरकारच्या निषेधात पाच वर्षं राष्ट्रीय संघापासून दूर राहिला आणि २०१७ मध्ये परतला. त्यावरूनही दोन तट. वथबाचा युसुफ सुलेमान फेब्रुवारी २०१३ मध्ये दमास्कसच्या तिश्रीन स्टेडियमजवळ तोफगोळ्याने मारला गेला, सव्वीस वर्षांचा होता. हे मला करामाच्या माणसाने सांगितलं. लाल-निळं तेवढ्यापुरतं बाजूला ठेवून.

स्टेडियमला जायला टॅक्सीवाल्याला 'मलअब खालिद बिन वलीद' म्हणा, वेगळा पत्ता सांगावा लागत नाही. मी गेलो तेव्हा सामने नव्हते. तुम्ही वेळापत्रक बघून जा, दोन्ही क्लबांची आपसातली मॅच मिळाली तर मुक्काम वाढवा. गेटवरच्या माणसाला आधी सलाम, मग करामा, मग चार-शून्य. मला दोन मिनिटांत आत सोडलं. मैदानावर दहा-बारा वर्षांची पोरं सराव करत होती, अर्ध्यांच्या अंगावर युरोपातल्या क्लबांचे शर्ट. बाहेर फोटो काढताना चौकीचे, गणवेशातल्या माणसांचे काढू नका. आणि पडक्या इमारतींत, कितीही मोह झाला तरी, पाय ठेवू नका. न फुटलेले गोळे अजून निघतात. बाबा अम्र किंवा खालिदिया या युद्धात मोडलेल्या वस्त्यांच्या बाजूला फिरायचं तर गावातलं माणूस सोबत घ्या, आणि लोकांच्या मोडक्या घरांपुढे उभं राहून सेल्फी काढणारे मी पाहिलेत, तसलं काही करू नका.

खाण्यात हलावेत अल-जिब्न सोडू नका. चीज आणि रव्याच्या पातळ पोळीत साय गुंडाळतात, वरून पाक. ते मूळचं आमचं असं होम्सवाले म्हणतात, शेजारच्या हमा शहराचेही म्हणतात. एक दिवस हाताशी असेल तर पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर क्राक दे शेव्हालिएचा किल्ला आहे, क्रुसेडवाल्यांचा. पन्हाळा-रांगणा बघितलेल्याला तटबंदीत रमायला होईल. मी तिथे दीड तासच काढला, कारण सांगितलेला फोटो ऊन उतरायच्या आत काढायचा राहिला होता.

अम्मोंचा कागद घेऊन मी पायऱ्या मोजल्या. सिमेंटची साधी पायरी, एका कोपऱ्यात ढलपा उडालेला. मी तिथे थोडा वेळ बसलो, वाऱ्याने कागद उडायला लागला म्हणून बुटाखाली धरला. मग मैदान दिसेल असा एक फोटो आणि नुसत्या पायरीचा एक.

कुवेतला परतल्यावर जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यापुढे मोबाईल धरला. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, बोटाने इकडेतिकडे सरकवला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं भरून आलं असेल. मग त्यांनी मोबाईल परत दिला. मी उलट्या टोकाने मोजलं होतं. ती वथबावाल्यांची बाजू होती.