मागच्या सीटसाठी सुधारलेली गेटअवे

जुनी पिकअप घेऊन घरच्यांना सातपुड्यात फिरवायचं ठरलं, तेव्हा धुळ्यात ज्याला विचारलं त्याने तेच सांगितलं: टायर मोठे टाक, गाडी उचल, पुढे गार्ड लाव, टपावर लाईटची पट्टी लाव. गाडी आता बऱ्यापैकी रानवाटा फिरून आली आहे, म्हणून माझं मत ठामपणे मांडतो. घरची माणसं न्यायची असतील तर काम मागच्या सीटपासून सुरू करायचं. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, पुढचा खड्डा त्याला आधी दिसतो. मागे बसलेल्या आईला आणि पोरांना तो खड्डा थेट कंबरेत कळतो.

गाडी महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे, डबल कॅब (मागेही सीट असलेली), फोर बाय फोर (चारही चाकांनी ओढणारी), २०११ची. आपल्याकडे पिकअप म्हटलं की बोलेरो. केळीच्या घडांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळं तीच ओढते. पण मला पाच जणांची बसायची सोय आणि लो रेंज (हळू पण जास्त जोराने ओढणारे गिअर), दोन्ही हवं होतं. घेताना इंजिनाच्या आवाजाआधी आरसी वाचली. डबल कॅब पिकअप काहींनी खासगी म्हणून नोंदवलेल्या असतात, काहींनी मालवाहू म्हणून. पिवळ्या पाटीची निघाली तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस काढावा लागतो, शिवाय घरच्या सहलीला ती नोंदणीच चुकीची. ही पांढऱ्या पाटीची होती. आधीच्या मालकाने मात्र बांधकामाच्या साईटवर ती भरपूर राबवलेली होती आणि ते गाडीच्या खाली वाकून पाहिलं की दिसत होतं.

घरी आणल्यावर आईला लळिंगपर्यंत नेऊन आणलं. उतरताना ती एवढंच म्हणाली, “भाऊ, मनी कंबर मोडी गई.”

धुळ्यात राहण्याचा एक फायदा आहे. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही महामार्ग इथे भेटतात, त्यामुळे ट्रकच्या पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, काम करणारे जुने हात गावात आहेत. त्यातल्या एका चाचांकडे गाडी नेली. त्यांनी मागचा भाग दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाले, “भाऊ, या पाट्यांना टनभर माल पाहिजे. तुम्ही माणसं बसवता.” सगळं दुखणं त्या एका वाक्यात आलं. पिकअपचे मागचे पाटे ओझ्यासाठी घडवलेले असतात. गाडी रिकामी असली की ते वाकतच नाहीत, आणि धक्का तसाच्या तसा सीटवर येतो.

चाचांनी सगळे पाटे उतरवले तेव्हा मी शेजारीच उभा होतो. दोन पाट्यांच्या मध्ये गंजाचे पापुद्रे इतके जमले होते की ते एकमेकांवर सरकत नव्हते. पाच-सहा पाटे मिळून एकच जाड पाटा झाला होता. प्रत्येक पाटा घासून साफ केला, टोकांना घर्षण कमी करणाऱ्या पट्ट्या घातल्या, सगळे बुश नवे घातले, शॅकलच्या पिना बदलल्या. मग एक पाटा काढून ठेवला आणि उरलेल्यांना पुन्हा चाप, म्हणजे कमानीसारखा बाक, दिला. त्यामुळे माल वाहायची ताकद कमी झाली, हे धरूनच चालायचं. आमच्या सामानाचं वजन तेवढं नसतंच. शॉकअप पार मेलेले होते, ते चारही नवे घातले. गाडी अशीच घेतली असेल तर टायरला पैसा लावण्याआधी हे काम करा. खर्च टायरपेक्षा कमी आणि फरक पहिल्याच गतिरोधकावर कळतो.

पुढची बाजू वेगळी. तिथे पाटे नाहीत, टॉर्शन बार आहे, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी. कोणीतरी त्याचे बोल्ट पार आवळून गाडी पुढून उचललेली होती. दिसायला गाडी रुबाबदार दिसते, पण चाकाला खाली सुटायला जागाच उरत नाही. खड्डा आला की चाक खाली जायच्या ऐवजी ठोकर बसते. शिवाय पुढची चाकं फिरवणारे हाफ शाफ्ट तिरके चालतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, ग्रीस बाहेर आणि धूळ आत. बॉल जॉइंटही लवकर जातात. माझ्या गाडीचे गेलेलेच होते. ते बदलून उंची मूळच्या मापावर आणली. ज्यांना दोन इंच उचलायचीच आहे त्यांनी निदान हे समजून घ्यावं, की बार आवळल्याने गाडी मऊ होत नाही.

आणखी एक गोष्ट फार कोणी सांगत नाही. पिकअपला मागच्या अ‍ॅक्सलशी जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. मागे ओझं किती आहे हे तो गाडीच्या उंचीवरून ओळखतो आणि त्या हिशोबाने मागच्या ब्रेकला दाब सोडतो. पाट्यांचं काम केलं, उंची बदलली, की त्याची दांडी पुन्हा बसवून घ्यावीच लागते. नाहीतर उंची वाढली असेल तर गाडी भरलेली असतानाही त्याला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक हलके लागतात. घाट उतरताना हे चालणार नाही.

आता सीट. मागची पाठ फार सरळ होती, तासाभरात माणूस पुढे सरकायला लागतो. कुशनवाल्याकडून बसायच्या भागाला पुढून थोडी उंची दिली आणि मांडीला आधार मिळाला. कमरेला जाड फोम घातला. सीट बेल्टचे पट्टे मात्र कुशनवाल्याचं काम नाही. बॉडीत पट्ट्यासाठी कंपनीने दिलेल्या जागा असतात, तिथेच योग्य ग्रेडच्या बोल्टने बसवायचे; पत्र्याला भोक पाडून बसवलेला पट्टा धक्क्याला उपटून येतो. २०२५च्या दिवाळीत अस्तंबा यात्रेहून परतणारी पिकअप चांदसैली घाटात कोसळली आणि भाविक गेले, ती बातमी आमच्या घरात प्रत्येकाच्या मनावर आहे. मागच्या हौद्यात माणूस बसवायचा नाही, शेतापासून घरापर्यंतही नाही, हा आमच्या घरातला नियम आहे. पोरं रडली तरी.

फोर बाय फोर चालू आहे असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. बटण फिरवलं की दिवा लुकलुकायचा, पुढची चाकं मात्र ओढायची नाहीत. इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस; वर्षानुवर्षं न वापरल्याने तिची शिफ्ट मोटर अडकली होती. ती उघडून साफ करून चालली, नवी घ्यावी लागली नाही. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल बदललं. मागच्यात पाणी शिरून ते दुधाळ झालं होतं. याचं कारण साधं आहे. रस्त्याने तापलेला अ‍ॅक्सल एकदम नदीच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या भोकातून, पाणी ओढून घेते. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर इंजिनाच्या उंचीपर्यंत नेली. अगदी किरकोळ खर्चाचं काम, पण पांझरा किंवा अनेरच्या पात्रात उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला हवंच. आता महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर व्हील लावून थोडं चालवतो, म्हणजे मोटर अडकत नाही. कोरड्या डांबरावर मात्र लावायचं नाही. या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांचा वेगातला फरक सोसणारं मधलं डिफरन्शियल नसतं, वळणावर सगळा ताण गिअरवर येतो.

टायर मूळ मापाचेच घेतले, २४५/७५ आर १६, फक्त ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीकडे चालणारे. आपल्या काळ्या जमिनीत पाऊस पडून गेल्यावर कुठलाच टायर चालत नाही. चिकट माती खाचांत बसते आणि चाक गुळगुळीत होतं. तेव्हा गाडी घालायचीच नाही, हाच उपाय. वाळूत आणि दगडगोट्यांत हवा कमी केली की चमत्कार वाटावा इतका फरक पडतो. वाळूत मी २० पीएसआयच्या आसपास ठेवतो. बारा व्होल्टचा कंप्रेसर सीटखाली असतो आणि डांबर लागलं की पुन्हा हवा भरल्याशिवाय निघत नाही.

मग आरटीओ. १५ वर्षं भरत आली होती, फॉर्म २५ भरून नोंदणीचं नूतनीकरण करायचं होतं. मुदत संपण्याआधी ६० दिवसांत अर्ज करता येतो आणि झालं की पुढची पाच वर्षं मिळतात. मोटारीसाठीचं शुल्क एप्रिल २०२२मध्ये ६०० वरून ५००० झालं, त्यावर पर्यावरण कर वेगळा. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे चालत नाही. म्हणून तपासणीआधी आधीच्या मालकाने लावलेला पुढचा लोखंडी गार्ड काढून टाकला. असे गार्ड हटवायला केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना कळवलं होतं, आणि आपटल्यावर पायी चालणाऱ्याला तो जास्त लागतो. लाईटची पट्टी लावलीच नाही. मूळच्या हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा बदलल्या, वायरिंगला रिले टाकला, उजेड पुरेसा झाला. तपासणीत कुठे अडलं नाही.

हौद्यात प्लायचे दोन खण केले. जड सामान, म्हणजे पाण्याचा कॅन, हत्यारं, ओढायचा दोर, हे सगळं खाली आणि केबिनकडे सरकवून. टपावर फक्त ताडपत्री. एका खणात स्टोव्ह, दुसऱ्यात भाकरीसाठी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाचा डबा, कारण वांग्याच्या भरताशिवाय आमची सहल होत नाही. वांगी घरूनच कपाशीच्या काड्यांवर भाजून नेतो; यावल किंवा अनेरच्या अभयारण्याच्या बाजूला जाळ करायचा नसतो, आणि वाट सोडून गाडी घालायची तर अजिबात नाही.

सगळं जमल्यावर शहाद्याहून तोरणमाळला गेलो. सातपायरी घाटात आईने एकदाही समोरची सीट धरली नाही. यशवंत तलावापाशी उतरल्यावर मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, “हां, आते बसासारखी व्हयनी.” म्हणजे, आता बसण्यासारखी झाली.

परतल्यावर पाट्यांचे यू बोल्ट पुन्हा आवळले. नव्या कामानंतर पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये ते थोडे सैल पडतातच आणि सैल राहिले तर मधला बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकतो. मे महिन्याच्या आत रेडिएटर उतरवून साफ करायचा आहे, फॅनचा क्लचही पाहायचा आहे. आपल्याकडे पारा ४४-४५ला जातो, आणि लो रेंजमध्ये गाडी हळू चालते तेव्हा इंजिनाला गार ठेवणारा वारा फक्त त्या फॅनचाच असतो.