माझा अनुभव: नावापुढच्या ‘पी.जी.ए.’साठी अर्ज भरताना

लॉस एंजेलिसमध्ये छोट्या निर्मितीसंस्थांची कागदपत्रं सांभाळणं हे माझं काम. प्रोड्यूसर्स गिल्ड ऑफ अमेरिका (पी.जी.ए.) या निर्मात्यांच्या संघटनेचे पुरस्कार म्हटले की लोकांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या निर्मात्यांना मिळणारा डॅरिल एफ. झॅनक पुरस्कार आठवतो आणि त्यावरून बांधले जाणारे ऑस्करचे अंदाज. पण तो पुरस्कार घ्यायला कोण उभं राहणार, याचा निकाल बराच आधी कागदावर लागलेला असतो.

श्रेयनामावलीत निर्मात्याच्या नावापुढे पी.जी.ए. ही छोटी अक्षरं येतात. निर्मितीच्या कामाचा मोठा वाटा खरंच या माणसाने उचलला, अशी ती गिल्डची ग्वाही. २०१२पासून सुरू झालेलं हे चिन्ह सभासदत्वाचं नाही. सभासद नसलेल्यालाही ते मिळतं, सभासदालाही नाकारतात, आणि दर चित्रपटाला नव्याने मागावं लागतं. अर्ज करायचा तो चित्रपटाचा कॉपीराइट ज्याच्याकडे आहे त्याने. मग ‘प्रोड्यूस्ड बाय’ श्रेय असलेल्या प्रत्येकाकडे स्वतंत्र फॉर्म येतो. चित्रपटात एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरला यात जागा नाही. मालिकांत मात्र तोच मुख्य.

चित्रपटासाठी कामाचं वजन असं धरतात: कथा-पटकथेचा विकास ३० टक्के, पूर्वतयारी २०, चित्रीकरण २०, पोस्ट-प्रॉडक्शन (चित्रीकरणानंतरचं संकलन, संगीत वगैरे) आणि मार्केटिंग ३०. बहुतेकांची विकेट इथेच पडते. पहिल्या दिवसापासून सेटवर राबलेला माणूस पूर्वतयारी नि चित्रीकरण मिळून फार तर चाळिशी गाठतो. पुस्तकाचे हक्क घेऊन, पटकथा लिहून घेऊन बाजूला झालेला तिशीत अडकतो. पैसा उभा केला एवढ्यावर तर काहीच भागत नाही. निर्णय कुणी घेतले, हा खरा प्रश्न असतो.

म्हणून फॉर्ममध्ये ‘आम्ही’ लिहू नका. ‘आम्ही संकलनावर देखरेख केली’ या वाक्यातून परीक्षकाला काही कळत नाही. कोणत्या कटवर तुम्ही काय सुचवलं, संगीतकार कुणी निवडला, ट्रेलर कुणी मंजूर केला, हे लिहा. मार्केटिंगचा रकाना तर सर्रास रिकामा दिसतो, आणि तो ३० टक्क्यांच्या गटातला.

गिल्ड दिग्दर्शक, लेखक, संकलक, विभागप्रमुख यांच्याकडे गोपनीय विचारणा करतं. तुमचा दावा आणि त्यांचं उत्तर जुळलं नाही की घोळ होतो. हा दरवेळी खोटेपणाच असतो असं नाही. कॅमेरामनला पटकथेच्या बैठकांत कोण होतं हे ठाऊक असायचं कारणच नाही. शेवटी अनुभवी निर्मात्यांचं मंडळ नावं झाकलेली कागदपत्रं वाचून निर्णय देतं. अपील करता येतं, पण शेवटची श्रेयनामावली पक्की व्हायच्या आत हे सगळं उरकायला हवं. त्यामुळे कुणाच्याही करारात चिन्हाची हमी देऊ नये; ‘गिल्डच्या निर्णयाच्या अधीन’ एवढंच लिहावं.

एवढी कडक चाळण का? ‘शेक्सपिअर इन लव्ह’साठी १९९९ साली ऑस्करच्या मंचावर पाच निर्माते होते. पुढे अकादमीने साधारणपणे तिघांची मर्यादा घातली, आणि ते तिघं कोण हे ठरवताना गिल्डचा निर्णय मोलाचा असतो.

गिल्डच्या झॅनक पुरस्काराचं मतदान त्यामानाने सोपं. सभासद चित्रपटांना पसंतीक्रम देतात. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर तळाचा चित्रपट बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. तरीही २०१४च्या समारंभात ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ आणि ‘ग्रॅव्हिटी’ बरोबरीत सुटले, आणि पुरस्कार दोघांनाही द्यावा लागला.